मार्चची भिशी

9 जून 2025, सोमवार. सकाळी नऊच्या सुमारास मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन खच्चून भरलेल्या लोकल एकमेकींच्या शेजारून गेल्या आणि दारात लटकलेली माणसं खाली पडली. काही जण जिवानिशी गेले. बातमी कळल्याबरोबर आमच्या गाडीच्या ग्रुपवर हजेरी सुरू झाली. घाटकोपर पोचली. कुर्ला पोचली. दादर गाडीतच अडकलीय, पण सुखरूप आहे. भायखळाताई रजेवर. एकेकीचं नाव लागत गेलं आणि मग कुणीतरी विचारलं, ‘व्हीटी कुठाय?’

व्हीटी म्हणजे मी.

मी तेव्हा स्कॅन सेंटरमधल्या एका अंधाऱ्या, गार खोलीत पडून होते. पेट स्कॅनच्या आधी किरणोत्सारी साखरेचं इंजेक्शन देतात आणि ती अंगभर पसरेपर्यंत तासभर गप्प पडून राहायला सांगतात. फोन बाहेर नवऱ्याच्या पिशवीत होता, आवाज बंद केलेला. स्कॅन आटोपून तो हातात घेतला तेव्हा सतरा मिस्ड कॉल होते. काखेत पुन्हा गाठ लागल्याचं मी एकीलाही सांगितलं नव्हतं. कसं सांगावं याची पंधरा दिवस मनात जुळवाजुळव चालली होती. ते सगळं राहिलं बाजूला. मी लिहिलं, ‘मी गाडीत नव्हते. स्कॅनला आलेय.’

कुर्लाचं उत्तर लगेच आलं. ‘आहेस ना? बस. बाकीचं मग बोलू.’

आमच्यात एकमेकींना उतरायच्या स्टेशनावरून ओळखतात. डोंबिवलीहून सुटणारी सकाळची फास्ट, बायकांचा डबा, बावीस वर्षं. चढल्यावर बसलेल्या बाईला पहिला प्रश्न असतो, ‘कुठे उतरणार?’ ती दादर म्हणाली की दादरनंतर ती जागा आपली. त्या उत्तराचंच हळूहळू नाव होतं. फोनमध्ये त्या सगळ्या अजून तशाच आहेत. माझं ऑफिस फोर्टात, त्यामुळे मी शेवटपर्यंत जाणारी. स्टेशनाचं नाव 1996 साली बदललं, 2017 साली त्यात ‘महाराज’ जोडलं गेलं, पण डब्यातल्या बोलण्यात ते व्हीटीच राहिलं आणि त्याबरोबर मीही. या डब्यात आम्ही गवार मोडली आहे, लेकींची लग्नं ठरवली आहेत, संक्रांतीचं हळदीकुंकू केलं आहे. तिघींच्या बाकड्यावर चौथी बसते, अर्धी बाकावर, अर्धी अधांतरी, आणि तीन बायका न बोलता बोटभर सरकतात.

आजी म्हणायची, दुखणं उलटलं. ताप उतरून पुन्हा चढला की तिचा हा शब्द असायचा. डॉक्टर ‘रिलॅप्स’ म्हणाले तेव्हा मला आजीचाच शब्द आठवला, कारण त्यात दुखण्याला पाठ आणि तोंड असतं. ते आपल्याला पाठ दाखवून निघालेलं असतं आणि वाटेत थांबून वळून बघतं.

पहिल्यांदा ते 2023 मध्ये आलं. डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी बी-पेशींचा कॅन्सर, गाठींच्या रूपाने दिसणारा. आर-चॉप नावाच्या औषधांच्या सहा सायकल, दर 21 दिवसांनी एक. त्यातलं एक औषध लालभडक असतं, ते नळीतून येताना बघवत नाही. केस गेले, तोंडाची चव गेली, बोटांना मुंग्या येऊन ब्लाउजचे हूक लागेनासे झाले. पण त्या वेळी सगळ्याला एक क्रम होता. सहा म्हणजे सहा. पाहुणे आले, फळं आली, नवसांचे अंगारे आले. नोव्हेंबरात शेवटची सायकल झाली तेव्हा वॉर्डातली घंटा वाजवायला लावली, टाळ्या पडल्या आणि दुसऱ्या आठवड्यात डब्यात पेढे वाटले गेले.

उलटलेल्या दुखण्याला असलं काही नसतं. घंटा एकदा वाजवून झालेली असते. लोकांनी धीराचे शब्द पहिल्या वेळी खर्चून टाकलेले असतात. त्यांचं प्रेम आटतं असं मी म्हणणार नाही, पण पुन्हा तेच बोलायचं तर त्यांना अवघडल्यासारखं होतं आणि ते यायचं लांबवतात. जे येतात त्यांचा आवाज खाली गेलेला असतो. एक नातेवाईक माझ्यासमोर माझ्या नवऱ्याला विचारत होते, ‘जेवते का?’ मी दोन हातांवर बसले होते आणि माझ्याबद्दल तिसऱ्या माणसासारखं बोलणं चाललं होतं. मलाही स्वतःशी बोलायला शब्द उरले नव्हते. पहिल्या वेळी मी रात्री उशीला सांगायचे, सहा झाल्या की संपलं. आता काय सांगणार?

जूनच्या शेवटच्या रविवारी कुर्ला घरी आली. पर्समधून तिने लाल कापडी पुठ्ठ्याची लांबट वही काढून माझ्या मांडीवर ठेवली. आमच्या भिशीची वही.

ही वही चौदा वर्षं माझ्याकडे होती. बाराजणी, दर महिन्याला प्रत्येकी 3,000, म्हणजे 36,000 रुपये. महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी डब्याच्या झाकणात चिठ्ठ्या टाकायच्या आणि ठाणे ते घाटकोपरच्या मध्ये एक उचलायची. जिची निघाली तिला त्या महिन्याचे पैसे, नंतर तिची चिठ्ठी नाही. वर्ष एप्रिल ते मार्च. 2023 मध्ये मी आजारी पडले तेव्हा त्यांनी वही माझ्याकडून काढून घेतली. ‘तू आराम कर, हिशेबाची कटकट नको.’ मायेनेच घेतली. बरी होऊन परत गेले तरी ती कुर्लाकडेच राहिली, मागायला मला संकोच वाटला. तेव्हापासून मी त्या डब्यात थोडी पाहुण्यासारखी झाले होते. मला खिडकी मिळायची. चौथी सीट कुणी माझ्यावर येऊ देत नव्हतं. माझ्यासमोर कुणी सासूबद्दल तक्रार करत नव्हतं, का, तर हिचं दुखणं मोठं.

‘दोन वर्षं मी मांडतेय,’ कुर्ला म्हणाली, ‘आणि दोन्ही वर्षं शेवटी माझ्या पदरचे घालून जुळवलेत. मला नाही जमत. धर.’

मी उघडून पाहिली. तिचे सात आणि एक सारखे दिसत होते. सप्टेंबरच्या पानावर चुकीच्या जागी खाडाखोड. मी पेन मागितलं. बायोप्सीचा कागद हाती आल्यापासून त्या तासाइतकी शांत मी झाले नव्हते.

मग ती मुद्द्यावर आली. सगळ्यांनी ठरवलं होतं, जुलैची भिशी चिठ्ठी न काढता मला द्यायची. पैशांची गरज होती, हे सगळ्यांना माहीत होतं आणि मलाही. मी म्हटलं, ‘मला मार्चची द्या.’

भायखळाताई फोनवर होत्या, स्पीकर लावलेला. कुणी काही बोललं नाही. मार्च म्हणजे नऊ महिने. डॉक्टर काय म्हणालेत हे त्यांना ठाऊक होतं. ‘तोवर बघू’ असं कुणीही म्हणू शकलं असतं आणि त्यात वावगं काही नव्हतं. मग ताईंचा आवाज आला, ‘बरोबर आहे. व्हीटी शेवटीच उतरते. लिही गं.’

कुर्लाने माझ्याकडून पेन घेतलं आणि मार्चच्या रकान्यात लिहिलं, व्हीटी. पेनाने लिहिलं. पेन्सिलीने नाही.

एप्रिल आणि मेची ज्यांची निघाली होती त्या दोघींनी नंतर आपापली रक्कम मला उसनी दिली. ती उसनवारी मी माझ्या हाताने शेवटच्या पानावर तारखेसकट मांडली. मला दान नको होतं. परत करायची म्हणून लिहिलेली रक्कम हवी होती.

जुलै-ऑगस्टमध्ये आधीपेक्षा कडक केमोच्या दोन सायकल झाल्या. आजार त्यांना बधला तर पुढे स्वतःच्याच मूळपेशींचं प्रत्यारोपण, असा बेत होता. त्या दिवसांचं मला तुटक तुटक आठवतं. प्लेटलेट 9 हजारांवर आल्या होत्या. निरोगी माणसाच्या दीड लाखाच्या वर असतात. दात घासले तरी रक्त यायचं. प्लेटलेट फार दिवस साठवून ठेवता येत नाहीत, पाच दिवस टिकतात आणि तेही सतत हलत्या तबकात. त्यामुळे माणूस ऐन वेळी उभा करावा लागतो. घाटकोपरचा मुलगा आला, दादरचा भाचा आला, तास-दीड तास यंत्राला हात लावून बसले. कुर्ला स्वतः आली, पण तिचं हिमोग्लोबिन 11.8 निघालं आणि साडेबाराच्या खाली घेत नाहीत. मला वाटलं होतं ती चिडेल. ती रक्तपेढीच्या जिन्यात बसून रडली. नंतर महिनाभर गाडीत खजूर आणि बीट खात होती, असं दादरने मला सांगितलं.

त्या प्रतीक्षालयात जालन्याकडची एक बाई माझ्या शेजारी बसायची. सहा महिने ती दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहत होती, नवऱ्याच्या उपचारांसाठी. तिच्यामागे ना गाडीचा ग्रुप होता ना भिशी. दादर माझ्यासाठी डबा आणायची तेव्हा तिसऱ्या दिवसापासून दोन डबे आणू लागली. मी काही सुचवलं नव्हतं. एवढंच इथे लिहून ठेवते.

दोन सायकलींनंतरही गाठी हव्या तितक्या हटल्या नाहीत. प्रत्यारोपणाचा रस्ता बंद झाला. डॉक्टर म्हणाले, आता कार-टी.

याबद्दल मी आधी फक्त पेपरात वाचलं होतं. आपल्याच रक्तातल्या टी-पेशी काढून घ्यायच्या, निष्प्रभ केलेल्या विषाणूच्या मदतीने त्यांच्यात नवा जनुक घालायचा, म्हणजे त्यांच्या अंगावर असा एक आकडा उगवतो की बी-पेशींवरची सीडी19 नावाची खूण त्यांना ओळखू येते. मग त्या वाढवून परत शरीरात सोडायच्या. परदेशात या उपचाराला तीन-चार कोटी रुपये लागतात. भारतातली पहिली कार-टी पवईच्या आयआयटीत प्राध्यापक राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेत आणि टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांच्या हातून घडली. ऑक्टोबर 2023 मध्ये तिला मान्यता मिळाली आणि 4 एप्रिल 2024 रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी पवईलाच तिचं लोकार्पण केलं. आमची फास्ट कांजूरमार्गला थांबत नाही, धडधडत निघून जाते. तिथे उतरून पवईची बस धरणारी, पाठीवर सॅक लावलेली पोरं मी वर्षानुवर्षं खिडकीतून पाहिली आहेत. ऑक्टोबर 2023 मध्ये मी लाल औषधाच्या नळीकडे बघायचं टाळत होते आणि त्यांच्यातल्या कुणीतरी माझ्या पुढच्या दुखण्याचं औषध तयार करून ठेवलं होतं. त्यांना मी कधी सांगू शकणार नाही, म्हणून इथे म्हणते, पोरांनो, तुमचं भलं होवो.

दादर माझ्याबरोबर डॉक्टरांकडे आली होती. डॉक्टरांनी 2025 मध्ये छापून आलेले आकडे सांगितले. तपासता आलेल्या 51 रुग्णांपैकी 73 टक्क्यांना गुण आला. म्हणजे 37. मी मान डोलावली. दादरने विचारलं, ‘आणि ते 14?’ नवऱ्याने तिच्याकडे रागाने पाहिलं. डॉक्टरांनी मात्र खुर्ची पुढे ओढली आणि त्या 14 जणांविषयी सरळ, न घाबरवता बोलले. बाहेर आल्यावर मी तिचा हात धरला. तो प्रश्न माझ्या घशात होता आणि मला तो विचारता आला नसता.

इथेही खर्च 30 ते 40 लाखांच्या घरात होता. भविष्य निर्वाह निधी, फ्लॅटवर कर्ज, मुलाची बचत. विमा कंपनीचं पहिलं पत्र नकाराचं आलं. घाटकोपर आयुष्यभर क्लेमच्या टेबलावर बसलेली. तिने चार रात्री जागून अपील लिहिलं आणि काही भाग मंजूर झाला.

सप्टेंबरात पेशी काढल्या. एका हातातून रक्त यंत्रात जातं, दुसऱ्या हातात परत येतं, चार तास. ओठ मुंग्या आल्यासारखे थरथरतात, मग कॅल्शियम देतात. दादर शेजारी स्टुलावर बसून भाचीच्या साखरपुड्यातली भांडणं सांगत होती, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही न गाळता. पेशी गेल्या आणि आम्ही वाट बघत राहिलो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी डबा सजवतात, त्याचा व्हिडिओ आला. माझ्या नेहमीच्या जागेवर कुणीतरी झेंडूची माळ घालायला गेली तेवढ्यात भायखळाताई ओरडल्या, ‘माळ नको तिथे! तिचा डबा ठेवा.’ व्हिडिओत ते ऐकू येतं. माझा स्टीलचा डबा, कधीतरी कुणाकडे राहिलेला, बाकावर एकटा बसला होता.

14 ऑक्टोबरला पेशी परत आल्या. एवढीशी पिशवी. कोमट पाण्यात वितळवली आणि काही मिनिटांत अंगात गेली. गोठवताना घातलेल्या द्रव्याचा लसणासारखा वास खोलीभर पसरला आणि दोन दिवस माझ्या श्वासाला येत राहिला.

तिसऱ्या दिवशी ताप चढला, 103. नव्या पेशी कामाला लागल्याची ती खूण असते, असं आधीच सांगितलं होतं. त्यावर संधिवातासाठी म्हणून निघालेलं एक औषध देतात, ते दिलं. दुसरी भीती मेंदूची. ती ओळखायची पद्धत इतकी साधी की मला नवल वाटलं. रोज विचारायचं, वर्ष कोणतं, महिना कोणता, शहर कोणतं. पेन, घड्याळ, बटण दाखवायचं. शंभरापासून दहा-दहाने उलटं मोजायला लावायचं. आणि एका कागदावर एक वाक्य लिहून घ्यायचं. रोज तेच वाक्य.

नर्स केरळची होती. तिला मराठी वाचता येत नव्हतं. म्हणाली, ‘दीदी, कुछ भी लिखो, बस रोज वही लिखना.’ मी लिहिलं, मी व्हीटीला उतरणार आहे. ती अर्थ बघत नव्हती. कालचं अक्षर आणि आजचं अक्षर शेजारी धरून ताडून बघत होती.

ती पानं माझ्याकडे आहेत. पहिल्या पाच दिवसांचं वाक्य माझ्या हिशेबाच्या अक्षरातलं, ठसठशीत. सहावा दिवस नरकचतुर्दशीचा. त्या दिवसाचं मला काहीही आठवत नाही. शंभर, नव्वद, ऐंशी, सत्तर, सत्तर, सत्तर, असं मी म्हणत राहिले म्हणे. शहर विचारलं तर ‘गाडी’ म्हणाले. कागदावर ‘मी’ आहे, त्यानंतर ‘व्ही’ला वेलांटी आहे पण शिरोरेघ नाही. पुढची अक्षरं एकेकटी लोंबकळतायत, दोरी तुटलेल्या कपड्यांसारखी, आणि पेनाची एक रेघ उजवीकडे खाली घसरत कागद सोडून गेली आहे.

नवऱ्याने घाबरून भायखळाताईंना फोन केला. अभ्यंगस्नानाचा दिवस, घरी सुना-नातवंडं. त्या पहिल्या गाडीने निघाल्या. वर एकाच माणसाला परवानगी होती आणि तो नवरा होता, हे त्यांना माहीत होतं. त्या खाली लॉबीत बसल्या, रात्री आठपर्यंत. फराळाचा डबा मांडीवर होता. बाहेरचं खाणं मला चालत नव्हतं, तेही त्यांना माहीत होतं.

मेंदूची सूज उतरायला स्टिरॉइड दिलं. आठव्या दिवशी मी शंभरापासून शून्यापर्यंत पोचले. नर्सने कागद पुढे केला. वाक्य वाकडं आलं, पण सगळ्या अक्षरांवरून एक सलग रेघ गेली होती. तिने बोट ठेवून त्या रेघेवरून फिरवलं आणि म्हणाली, ‘ये लाइन वापस आ गया.’

नोव्हेंबरच्या स्कॅनमध्ये मानेतलं आणि काखेतलं गेलं होतं. पोटात एक ठिपका मंद उजळत होता. तो आजार असेल किंवा नसेलही. तीन महिन्यांच्या स्कॅनला कळेल. तो स्कॅन पुढच्या आठवड्यात आहे. तोवर मला गर्दीत जायची परवानगी नाही. कॅन्सरच्या बी-पेशींबरोबर चांगल्याही मारल्या गेल्या, त्यामुळे अंगात प्रतिकार उरलेला नाही. रात्री जाग आली की तो ठिपका डोळ्यांपुढे येतो. मी तेव्हा शंभरापासून उलटं मोजते, आणि सत्तर मागे पडले की पुन्हा झोपायचा प्रयत्न करते.

काल 12 जानेवारी, दुसरा सोमवार. ठाणं सोडल्यावर कुर्लाचा व्हिडिओ कॉल आला. डब्याचं झाकण, त्यात दोन चिठ्ठ्या. मागे कुणीतरी ‘जरा सरक गं’ म्हणत होती, कुणीतरी तिळगूळ वाटत होती. झाकण हललं, चिठ्ठी उघडली, घाटकोपरची निघाली आणि ओरडा झाला. राहिलेली चिठ्ठी दादरची. आता फेब्रुवारीला काढायला काही उरलंच नाही.

‘लिहिलंस?’ कुर्लाने विचारलं.

मी वही कॅमेऱ्यासमोर धरली. माझं अक्षर अजून उजवीकडे थोडं उतरतं. जानेवारी, घाटकोपर, 36,000, मिळाले. त्याखाली फेब्रुवारी, दादर. त्याखाली मार्चच्या रकान्यात कुर्लाच्या हातचं, एकासारख्या दिसणाऱ्या सातांच्या पलीकडे, जूनमध्ये लिहिलेलं नाव. मी त्यापुढे तारीख टाकली. 9 मार्च, सोमवार.